नॉइमान, बाल्टाझार
नॉइमान, बाल्टाझार : (बाप्तिस्मा ३० जानेवारी १६८७ – १९ ऑगस्ट १७५३). उत्तर बरोक काळातील श्रेष्ठ जर्मन वास्तुशिल्पज्ञ व लष्करी अभियंता. दक्षिण जर्मनीतील फ्रँकोनिया हा त्याचा मुख्य कार्यप्रदेश. वुर्ट्सबुर्ग येथील राजवाडा, फिरत्सेनहायलिगन येथील यात्राचर्च आणि नेरेसहाइम येथील मठचर्च या त्याच्या सर्वांत महत्त्वाच्या वास्तू होत.

यूरोपीय चर्चवास्तूत तलविन्यासाचे दोन प्रकार प्राचीन काळापासून रूढ होते. एक लांबट दालनाचा. त्यात भाविक पश्चिमेकडील द्वारातून शिरून पूर्वेकडील वेदीकडे सरळ चालत जातो. दुसरा केंद्रवर्ती, त्यात घुमटाखालील मध्यबिंदूभोवती सर्व अवकाश एकवटलेला असतो. पहिला प्रकार उपासनाविधीस व मिरवणुकीस सोयीचा, तर दुसरा वास्तुशिल्पज्ञांना पूर्णत्वाचे प्रतीक म्हणून प्रिय. या दोहोंचा मेळ घालणे हा प्रबोधनकाळापासून चर्चवास्तूतील सर्वांत अवघड प्रश्न मानला जाई. बरोक कलावंतांनी लंबवर्तुळाचा अवलंब करून त्याला एक उत्तर शोधले. नॉइमानने त्याच उत्तराचा परिपूर्ण विकास साधला आणि तोही मुख्यतः छताच्या रचनेतून. त्याच्या कार्याचे मूल्यमापन करताना दर्शनी भाग किंवा अलंकरण यांपेक्षा छताकडे अधिक लक्ष द्यावे लागते, ते यामुळेच.

जीवन : नॉइमानचा जन्म बोहीमियातील एगर (सध्याचे चेक प्रजासत्ताकातील खेप) येथे एका कापडविणकराच्या कुटुंबात झाला. तोफा व घंटा ओतण्याच्या कारखान्यात त्याने उमेदवारी केली. १७११ मध्ये तो वुर्ट्सबुर्ग येथे आला आणि तेथील ओतशाळेत काम करू लागला. तेथेच आंड्रेआस म्यूलर या लष्करी अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली त्याने भूमिती, भूमापन व वास्तुकला यांचा अभ्यास केला. १७१३ मध्ये त्याने स्तंभांची प्रमाणे काढण्यासाठी एक कर्कटकवजा उपकरण तयार केले. तोफखान्यात अधिकारी म्हणून दाखल झाल्यानंतर १७१७ मध्ये त्याने बेलग्रेडच्या मोहिमेत भाग घेतला. पुढील वर्षी त्याला उत्तर इटलीतील मिलान पाहण्याची संधी मिळाली. १७४१ मध्ये तो तोफखान्याचा कर्नल झाला. १७३१ पासून वुर्ट्सबुर्ग विद्यापीठात तो नागरी व लष्करी वास्तुविद्येचा प्राध्यापकही होता. तटबंदी, पूल, रस्ते आणि वुर्ट्सबुर्ग शहराचा नळपाणीपुरवठा अशी कामे त्याने केली, तसेच काचेचा कारखानाही चालविला. धातू ओतणाऱ्या कारागिराची पदार्थांविषयीची जाण आणि तोफखान्यातील अधिकाऱ्याची गणिती शिस्त यांचा संगम त्याच्या ठायी झाला होता.

त्याच्या उत्कर्षाला शनबोर्न घराण्याचा आश्रय कारणीभूत झाला. या सरदार घराण्यातील व्यक्तींनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माइन्त्स, वुर्ट्सबुर्ग, बँबर्ग, श्पायर व ट्रीर येथील धर्मपीठे भूषविली. त्या काळी हे बिशप धर्मगुरू असत, त्याचबरोबर आपापल्या प्रदेशाचे राज्यकर्तेही असत. बांधकामाच्या किड्याने आपल्याला पछाडले आहे, असे या घराण्यातील मंडळी स्वतःविषयी थट्टेने म्हणत. १७१९ मध्ये योहान फिलिप फ्रान्त्स फोन शनबोर्न हा वुर्ट्सबुर्गचा राजबिशप झाला. नव्या राजवाड्याचे काम त्याने तोवर फारसा अनुभव नसलेल्या नॉइमानवर सोपविले. पुढे फ्रीड्रिख कार्ल फोन शनबोर्न (कार. १७२९–४६) याच्या काळात बँबर्ग व वुर्ट्सबुर्ग या दोन्ही संस्थानांतील बहुतेक सर्व बांधकामांवर नॉइमानची देखरेख होती. १७४६ मध्ये गादीवर आलेल्या बिशपने त्याला बांधकामप्रमुखपदावरून दूर केले. तथापि १७४९ मध्ये त्याच्या उत्तराधिकाऱ्याने ते पद त्याला परत दिले. वुर्ट्सबुर्ग येथे त्याचे निधन झाले आणि लष्करी इतमामाने तेथील मारीएनकापेले या चर्चमध्ये त्याचे दफन करण्यात आले. त्याचा मुलगा फ्रान्त्स इग्नात्स मिखाएल (१७३३–८५) हाही वास्तुशिल्पज्ञ होता.

वुर्ट्सबुर्गचा राजवाडा : हा राजवाडा एकट्या नॉइमानची निर्मिती नव्हे. १७२० मध्ये बांधकाम सुरू झाले, तेव्हा माइन्त्सचा माक्सिमीलिआन फोन वेल्श आणि व्हिएन्नाचा योहान लूकास फोन हिल्डेब्रांट यांचे आराखडे विचारात घेतले गेले. १७२३ मध्ये नॉइमानला पॅरिसला पाठविण्यात आले व तेथे रॉबेअर द कॉत आणि झेर्मँ बॉफ्राँ या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञांचा सल्ला घेण्यात आला. अनेकांच्या सूचना एकत्र आणून त्यांतून एकसंध वास्तू उभी करणे, हे नॉइमानचे काम होते. राजवाड्याच्या बांधीव कायेचे काम १७४४ मध्ये पूर्ण झाले.

यातील भव्य जिन्याची रचना मात्र निःसंशय त्याच्या अभियांत्रिकी बुद्धीची साक्ष देते. सु. १८ मी. रुंद व ३० मी. लांब अशा या दालनावर मध्ये एकही आधारस्तंभ न देता त्याने एकच उथळ कमानदार छत टाकले. हे छत टिकणार नाही असे हिल्डेब्रांटने म्हटले आणि त्याखाली तोफा डागून त्याची परीक्षा घेण्याचे आव्हान नॉइमानने दिले, अशी आख्यायिका आहे. या छतावर व्हेनिसचा चित्रकार तिएपोलो याने १७५२–५३ मध्ये चार खंडांचे प्रचंड भित्तिलेपचित्र रंगविले. त्यात तोफेवर रेलून बसलेली गणवेशधारी व्यक्ती म्हणजे नॉइमान होय, असे परंपरेने मानले जाते. १६ मार्च १९४५ रोजी झालेल्या बाँबहल्ल्यात वुर्ट्सबुर्ग शहर बेचिराख झाले. राजवाड्याचे लाकडी छप्पर जळून कोसळले. परंतु त्याचा भार पडूनही जिन्यावरील कमानदार छत व त्यावरील चित्र अभंग राहिले. आख्यायिकेतील परीक्षा अशा रीतीने दोनशे वर्षांनी प्रत्यक्षात घडली. १९८१ मध्ये यूनेस्कोने या राजवाड्याचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. ब्रुखझाल व ब्र्यूल येथील राजवाड्यांतील त्याचे जिनेही प्रसिद्ध आहेत.

चर्चवास्तूंचा विकासक्रम : नॉइमानच्या पहिल्या मोठ्या चर्चवास्तू पारंपरिक वळणाच्या होत्या. म्यून्स्टरश्वार्त्साख येथील बेनेडिक्टाइन मठाचे चर्च (१७२७–४३) हे लांबट दालनाचे व छेदस्थानावर घुमट असलेले होते. १८०३ मध्ये मठांची मालमत्ता सरकारजमा झाल्यावर एकोणिसाव्या शतकात ते पाडले गेले. गसवाइनश्टाइन येथील यात्राचर्चही (१७३०–३९) क्रूसाकार विन्यासाचे व दोन मनोऱ्यांचे आहे.

राजवाड्यातील दरबारी चर्चपासून (१७३२–४३) त्याच्या शैलीला वेगळी दिशा मिळाली. राजवाड्याच्या एका कोपऱ्यातील आयताकृती जागा या चर्चला मिळाली होती. तिच्या बाहेरील भिंती व खिडक्या राजवाड्याच्या दर्शनी भागाशी जुळत्या ठेवणे भाग होते. नॉइमानने या आयताच्या आत लंबवर्तुळांची मालिका बसविली. बाहेरील भिंत व आतील स्तंभावली यांत अंतर राहिल्याने प्रकाश थेट न येता स्तंभांमागून पाझरत येतो. त्यामुळे चर्चच्या सीमा नेमक्या कोठे आहेत, हे आत उभ्या असलेल्या माणसाला चटकन उमगत नाही. दुहेरी कवचाची ही कल्पना त्याच्या पुढील सर्व महत्त्वाच्या चर्चवास्तूंचा पाया ठरली.

या कल्पनेमागे एक परंपरा होती. इटालियन वास्तुशिल्पज्ञ ग्वारीनी (१६२४–८३) याने अवकाशात वळण घेत जाणाऱ्या कमानींचा वापर केला. बोहीमियात व फ्रँकोनियात डीन्त्सेनहोफर कुटुंबातील वास्तुशिल्पज्ञांनी त्याच्या कल्पना रुजविल्या. योहान डीन्त्सेनहोफरने बांत्स येथील मठाचे चर्च (१७१०–१९) बांधले. त्यात तळावरील लंबवर्तुळे आणि छतावरील लंबवर्तुळे एकमेकांवर येत नाहीत. जेथे जमिनीवर दालन विस्तारते, तेथेच वर छताचे दोन भाग एकमेकांस भिडतात. नॉइमानने या पद्धतीचा खोलवर अभ्यास केला होता. डीन्त्सेनहोफरच्या रचनेतील ताण त्याने सौम्य केला आणि तिला प्रकाशाची व मोकळेपणाची जोड दिली.

किट्सिंगेनजवळील एट्वासहाउझेन येथील होली क्रॉस चर्च (१७४१–४५) हे आकाराने लहान आहे. पण नॉइमानच्या विचारपद्धतीचे ते सर्वांत स्वच्छ उदाहरण होय. मध्यभागी चार स्तंभजोड्यांवर तोललेला घुमट असून भिंती जवळजवळ निरलंकृत आहेत. चित्रे व गच्चीकाम यांचा आधार नसतानाही येथील अवकाश परिणामकारक वाटतो. नॉइमानच्या वास्तूंचे सौंदर्य सजावटकारांच्या कामावर अवलंबून आहे, या आक्षेपाला हे छोटे चर्च परस्पर उत्तर देते. ट्रीर येथील सेंट पॉलीन (१७३४–५७), हॉइझेनश्टाम येथील चर्च (१७३९–४४), वेर्नेक येथील राजवाड्याचे चर्च आणि वुर्ट्सबुर्गजवळच्या टेकडीवरील केपेले हे यात्राचर्च (१७४८–५०) या त्याच्या अन्य उल्लेखनीय वास्तू होत.

फिरत्सेनहायलिगन : माइन नदीच्या खोऱ्यात, बांत्सच्या मठासमोरील टेकडीवर हे चर्च आहे. लांगहाइम येथील सिस्टर्शियन मठाच्या मालकीच्या शेतात १४४५–४६ मध्ये हेर्मान लाइख्ट या मेंढपाळाला बालख्रिस्ताचे व चौदा साहाय्यक संतांचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. रोग, संकट व आकस्मिक मृत्यू यांपासून रक्षण करणारे म्हणून या चौदा संतांची मध्ययुगापासून भक्ती केली जाई. ‘फिरत्सेनहायलिगन’ या नावाचा अर्थच ‘चौदा संत’ असा आहे. यात्रेकरूंची गर्दी वाढल्याने अठराव्या शतकात तेथे मोठे चर्च बांधण्याचे ठरले. मठाधिपती श्टेफान म्योझिंगर याने प्रथम वायमारचा गोटफ्रीड हाइनरिख क्रोने याच्याकडून आराखडा करून घेतला होता. बँबर्गचा योहान याकोप मिखाएल क्यूखेल यानेही आराखडे दिले. अखेर राजबिशप फ्रीड्रिख कार्लने नॉइमानचा आराखडा मंजूर केला आणि १७४३ मध्ये पायाभरणी झाली.

प्रत्यक्ष देखरेख मात्र क्रोनेकडे सोपविण्यात आली होती. मंजूर आराखडा बाजूस ठेवून त्याने वेदीस्थानाची बांधणी पूर्वेकडे सरकवून सुरू केली. १७४३ च्या अखेरीस नॉइमानने पाहणी केली, तेव्हा या बदलाचे गांभीर्य लक्षात आले. मेंढपाळाला दर्शन झालेली जागा हलविता येण्यासारखी नव्हती. मुख्य वेदी तेथेच उभारणे आवश्यक होते. मूळ आराखड्यात ती जागा दालन व बाहू यांच्या छेदस्थानी, घुमटाखाली येत होती. बदललेल्या पायामुळे ती लांबट दालनाच्या मध्येच येऊ लागली. क्रोनेला काढून टाकण्यात आले, परंतु उभ्या राहिलेल्या भिंती तशाच ठेवाव्या लागल्या.

१७४४ मध्ये नॉइमानने नवा आराखडा केला. भिंती न पाडता त्याने चर्चचा केंद्रबिंदूच बदलला. दालनाच्या मध्यभागी, दर्शनस्थळाभोवती, त्याने सर्वांत मोठे लंबवर्तुळ कल्पिले. प्रवेशाकडे एक व वेदीस्थानी एक अशी आणखी दोन लंबवर्तुळे अक्षावर ठेवली. बाहूंना वर्तुळाकार दिला. छेदस्थानावरील अपेक्षित घुमट त्याने पूर्णपणे वगळला. तेथे मधल्या व पूर्वेकडील लंबवर्तुळांच्या छतांच्या वळलेल्या कमानी एकमेकींस येऊन भिडतात. बाहेरून पाहणाऱ्यास हे नेहमीचे क्रूसाकार चर्च वाटते. आत शिरताच मात्र दृष्टी सरळ वेदीस्थानाकडे न जाता मध्यवेदीभोवती फिरू लागते. यात्रेकरूंना वेदीस प्रदक्षिणा घालता येते. तिच्या सर्व बाजूंनी मोकळी जागा आहे. ज्या ठिकाणी सम यावी अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते तेथे खाली येते आणि सम अन्यत्र पडते, तसा काहीसा अनुभव या छताखाली येतो.

नॉइमानच्या मृत्यूसमयी या चर्चचे छत पूर्ण झाले नव्हते. १७६३ मध्ये क्यूखेलच्या देखरेखीखाली ते पुरे झाले. मध्यवेदीची कल्पना क्यूखेलची असून तिचे गच्चीकाम योहान मिखाएल फॉइख्टमायर व योहान गेओर्ख यूब्लहेर यांचे आहे. भित्तिलेपचित्रे जुझेप्पे आप्यानी याने काढली. १७७२ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. १८३५ मध्ये वीज पडून लागलेल्या आगीत छप्पर व मनोरे यांची मोठी हानी झाली. पुढे त्यांची दुरुस्ती करण्यात आली.

दुसऱ्याच्या चुकीतून ही रचना निर्माण झाली, म्हणून तिला तडजोड मानण्याकडे काही टीकाकारांचा कल आहे. हे मत सर्वस्वी ग्राह्य वाटत नाही. वेदी व छेदस्थान यांची ताटातूट ही क्रोनेची चूक होती. घुमट वगळून छेदस्थान नाहीसे करणे हा नॉइमानचा निर्णय होता. सामान्य वास्तुशिल्पज्ञाने छेदस्थानी घुमट उभारून वेदी दुय्यम ठरविली असती, किंवा दोन्ही ठिकाणी जोर देऊन चर्चचे दोन तुकडे केले असते. दरबारी चर्चमध्ये दहा वर्षे आधी जे तंत्र त्याने आत्मसात केले होते, त्याच्या बळावरच १७४४ चा आराखडा शक्य झाला. पूर्वतयारी नसती, तर या अडचणीतून केवळ अडचणच शिल्लक राहिली असती. तथापि मंजूर झालेला पहिला आराखडा अधिक सुबोध व शांत होता, हेही मान्य केले पाहिजे. आजच्या वास्तूत पूर्वेकडील भाग मध्यवेदीच्या तुलनेने काहीसा रिकामा वाटतो, तो याच बदलाचा परिणाम होय.

नेरेसहाइम : श्वाबिया प्रदेशातील बेनेडिक्टाइन मठासाठी नॉइमानने १७४७ पासून आराखडे केले, १७५० मध्ये पायाभरणी झाली. येथे जागेची वा जुन्या भिंतींची अडचण नव्हती. मध्यभागी उभे लंबवर्तुळ, त्याच्या पश्चिमेस व पूर्वेस प्रत्येकी दोन आडवी लंबवर्तुळे आणि दोन्ही बाहूंवर एकेक, अशी सात घुमटांची ही रचना आहे. मध्यघुमट चार सुट्या स्तंभजोड्यांवर आधारलेला असून हे उंच स्तंभ भिंतींपासून दूर उभे आहेत. लांबट दालनाची गती आणि केंद्रवर्ती घुमटाची स्थिरता येथे एकमेकींस बाध न आणता नांदतात. ज्या प्रश्नाचा आरंभी उल्लेख केला, त्याचे सर्वांत निर्मळ उत्तर म्हणून या विन्यासाकडे पाहिले जाते.

परंतु १७५३ मध्ये नॉइमान वारला, तेव्हा छताचे काम सुरू व्हायचे होते. त्याने योजलेले दगडी घुमट पेलण्याचे धैर्य त्याच्यामागे कोणी दाखविले नाही. लाकडी सांगाड्यावर गिलावा करून घुमट उभारण्यात आले व त्यांची उंचीही कमी करण्यात आली. १७७०–७५ या काळात टिरोलचा चित्रकार मार्टिन क्नोलर याने सातही घुमट रंगविले. चर्चचा अभिषेक १७९२ मध्ये झाला, तोवर वास्तुकलेत नवअभिजाततावाद स्थिरावला होता. धोकादायक स्थितीमुळे १९६६ मध्ये हे चर्च बंद करावे लागले. दुरुस्तीनंतर १९७५ मध्ये ते पुन्हा खुले झाले. ज्या वास्तुशिल्पज्ञाचे वुर्ट्सबुर्गमधील छत जळत्या छपराचा आघात सोसून उभे राहिले, त्याच्या अखेरच्या चर्चला छताचे बाह्य रूप तेवढे लाभले, बांधणी लाभली नाही. नॉइमानच्या कार्यातील ही सर्वांत मोठी उणीव त्याच्या हातून घडलेली नाही.

मूल्यमापन : नॉइमानच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १७५५ मध्ये, व्हिंकेलमानचा ग्रीक कलेविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला आणि जर्मन अभिरुचीचा ओघ पालटला. बरोक वास्तू अतिरेकी व बेगडी मानल्या जाऊ लागल्या. १८०३ नंतर अनेक मठचर्चे ओसाड पडली किंवा पाडली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्नेलिउस गुर्लिट, हाइनरिख व्होल्फलिन आदी अभ्यासकांनी बरोक कलेचा नव्याने विचार केला; त्यानंतर नॉइमानचे नाव पुन्हा पुढे आले. निकोलस पेव्हझ्नर याने यूरोपीय वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात फिरत्सेनहायलिगनची सविस्तर चिकित्सा केली आहे. १९९१ मध्ये वापरात आलेल्या जर्मनीच्या पन्नास मार्कांच्या नोटेवर नॉइमानचे चित्र होते. यूरो नाण्याच्या आगमनापर्यंत ती चलनात होती.

त्याच्या वास्तूंचे कर्तृत्व नेमके कोणाचे, हा वाद विसाव्या शतकात बराच रंगला. राजवाड्यात वेल्श व हिल्डेब्रांट, फिरत्सेनहायलिगनमध्ये क्यूखेल, तर नेरेसहाइममध्ये त्याच्यानंतरचे कारागीर यांचा वाटा नाकारता येत नाही. अठराव्या शतकातील मोठे बांधकाम हे आश्रयदाता, सल्लागार, गवंडी, गच्चीकाम करणारे व चित्रकार यांचे सामूहिक कार्य असे. एकाच प्रतिभावंताची स्वाक्षरी त्यात शोधणे ही नंतरच्या काळाची सवय आहे. तरीही दरबारी चर्च, एट्वासहाउझेन, फिरत्सेनहायलिगन व नेरेसहाइम या चार वास्तू शेजारी ठेवून पाहिल्यास त्यांत एकाच बुद्धीचा प्रवास दिसतो. आश्रयदाते, सहकारी व सजावटकार बदलत गेले. सुट्या आधारांवर तरंगल्यासारखे भासणारे, एकमेकांत मिसळणारे छत मात्र कायम राहिले.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्याच्या चर्चचे दर्शनी भाग भारदस्त असले, तरी आतील रचनेच्या मानाने सांकेतिक आहेत. बाहेरील रूपावरून आतील अवकाशाची कल्पना येत नाही. रचना इतकी गुंतागुंतीची की, आत उभे राहून ती पूर्णपणे उलगडत नाही. त्यासाठी आराखडा हाती घ्यावा लागतो. ज्या दृष्टीला बांधणीचे तत्त्व उघड दिसावे असे वाटते, तिला हा दोष वाटणे साहजिक आहे. परंतु नॉइमानसमोरचा प्रेक्षक आराखडा वाचणारा नव्हता. नवस फेडण्यासाठी पायी आलेल्या यात्रेकरूला, भिंतींचे ओझे हलके झाले आहे व प्रकाश कोठून येतो हे कळत नाही, असा अनुभव देणे हे त्याचे उद्दिष्ट होते. त्या अनुभवामागील भार, रेटा व आधार यांचा हिशेब मात्र त्याने तोफखान्यातील अधिकाऱ्याच्या काटेकोरपणे मांडला. त्याच्यानंतर ही परंपरा पुढे नेणारा त्याच्या तोडीचा वास्तुशिल्पज्ञ जर्मनीत झाला नाही. ग्वारीनीपासून सुरू झालेल्या एका मोठ्या शोधाचा शेवट आणि कळस नॉइमानच्या चर्चवास्तूंत एकत्र पाहावयास मिळतो. [→ बरोक कला].